दोघांचा छंद म्हणायचा, तर सिंकही दोघांचं

पत्र

ताई, आम्ही ऑरेगनमध्ये हिल्सबरोला राहतो. लग्नाला नऊ वर्षं झाली, मुलगी पाच वर्षांची आहे. मी पुण्यात मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलं. इथे आल्यावर दोन वर्षं लॅबमध्ये नोकरी केली, मुलगी झाल्यावर ती सुटली. मला बिअर कधी आवडलीच नाही. पण मागच्या उन्हाळ्यात टिलामुकला एका ठिकाणी आंबट बिअर प्यायले आणि पहिल्यांदाच ग्लास संपवला. नवऱ्याला वाटलं, आता दोघांनी मिळून करण्यासारखं काहीतरी सापडलं. त्याने वीस लिटरचे दोन काचेचे कारबॉय, म्हणजे अरुंद तोंडाच्या मोठ्या बरण्या, पुस्तकं, नळ्या, सगळं आणलं. लॅम्बिकसारखी तीन वर्षं मुरवायची बिअर करू म्हणतो. सरावासाठी दोनदा साधी बिअर केली, तेव्हा त्याने उकळलं आणि मी बाटल्या धुतल्या. छंद ‘आपला’ आणि सिंक माझं. मी यात पडावं का? स्वयंपाकघरात हे जंतू आणणं बरं का? त्याच ओट्यावर मी दही लावते. आणि मेमध्ये सासूबाई सहा महिन्यांसाठी येतायत. त्या माळकरी आहेत. त्यांच्यासमोर हे कसं करायचं?

– एक वाचक, हिल्सबरो

उत्तर

तुमच्या घरात आंबट बिअर करण्याचं खरं शिक्षण ज्या व्यक्तीचं झालंय, तीच व्यक्ती बाटल्या धुतेय. मला तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी अडचण ही वाटते. जंतूंचं आणि सासूबाईंचं बघू, ते त्यामानाने सोपं आहे.

साधी बिअर म्हणजे एका यीस्टचं काम. आंबट बिअरमध्ये लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकोकस हे जीवाणू येतात, ब्रेटानोमायसिस हे रानटी यीस्ट येतं, त्यालाच ब्रेट म्हणतात. कोण आधी साखर खाणार, कोणाला हॉप्स (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) सोसत नाहीत, कोणाने सोडलेला लोण्यासारखा वास नंतर कोण खाऊन टाकणार, पीएच कुठे येऊन थांबणार, हे सगळं तुम्ही कधीतरी परीक्षेत लिहून आलात. तुमचा नवरा ते आता पुस्तकातून वाचतोय. उत्साह त्याचा आहे आणि तो मोलाचा आहे, पण या कामात तुम्ही मदतनीस म्हणून उभं राहणं दोघांच्याही तोट्याचं आहे. तेव्हा हो, यात जरूर पडा. फक्त बाटल्या धुणारी म्हणून नाही.

त्याच्याशी बोलताना ‘तू मला मदत करत नाहीस’ असं म्हणू नका, त्यातून भांडण होईल आणि पुढच्या खेपेला तो चार बाटल्या धुऊन मोकळा होईल. असं म्हणा: ‘हे दोघांचं असेल तर काय करायचं ते दोघं ठरवू, आणि धुणंही दोघं धुऊ.’ या छंदात उकळणं दोन तासांचं असतं. धुणं, पुसणं, निर्जंतुक करणं हे त्याहून जास्त वेळ खातं, आणि बिअर बिघडते ती बहुतेक वेळा तिथेच. ज्याने नळीचा आतला भाग स्वतः घासला नाही, त्याला आपली बिअर का बिघडली हे कधी कळत नाही. म्हणजे सिंक ही कमी दर्जाची बाजू नाहीच. फक्त ती एकाच्याच वाट्याला यायला नको.

आता त्याच्या लॅम्बिकच्या बेताबद्दल. स्वप्न सुंदर आहे, पण सुरुवात तिथून नको. लॅम्बिक ब्रसेल्सच्या आसपास, सेन नदीच्या खोऱ्यात आणि पायोटनलंडात होते. तिथे गरम वॉर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचं माल्टचं गोड पाणी, रात्रभर उथळ, उघड्या हौदात गार होत ठेवतात आणि हवेतले, इमारतीतले सूक्ष्मजीव त्यात उतरतात. ब्रसेल्समधली, १९०० साली सुरू झालेली कांतियों ब्रुअरी आजही हे करते, तेही साधारण ऑक्टोबर ते एप्रिलच्या थंडीतच, कारण उन्हाळ्यात नको ते जंतू वाढतात. मग लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवण. तरीही तीन वर्षांचं एक पिंप म्हणजे ग्योझ नव्हे. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लॅम्बिक चाखून, त्यांचं मिश्रण करून ग्योझ बनते. तिथे टिल्कँसारखे लोक आहेत, जे वॉर्ट दुसऱ्या ब्रुअरींकडून घेतात, आपल्या पिंपात मुरवतात आणि मिश्रण करतात. त्यांचं सगळं कसब जिभेवर आणि निर्णयावर उभं आहे.

तुम्हा दोघांसाठी या परंपरेतून उचलायचं ते हेच मिश्रण. उकळायला एक माणूस पुरतो. चाखून ठरवायला दोन जिभा खरंच उपयोगी पडतात, कारण एकाला जिथे आंबटपणा टोचतो तिथे दुसऱ्याला फळ लागतं. तुम्ही टिलामुकला प्यायलात ती डी गार्डची असेल तर ती ब्रुअरी २०१३ मध्ये एका जोडप्यानेच उभी केली, आणि तीही किनाऱ्यावरच्या हवेतल्या रानटी जंतूंवर बिअर आंबवते. तुमच्या नवऱ्याला हे बहुधा माहीत असेल. त्याला आठवण करून द्या की तिथे दोघं होते.

कारबॉय मात्र आधी बाजूला काढा. भरलेला वीस लिटरचा काचेचा कारबॉय पंचवीस किलोच्या आसपास जातो. साबणाच्या पाण्यात तो हातातून निसटतो, आणि फुटलेल्या जाड काचेने तळहाताच्या नसा आणि स्नायूबंध कापले गेल्याच्या घटना या छंदात नव्या नाहीत. घरात पाच वर्षांची मुलगी आहे. मोठ्या प्रमाणावर करायचंच असेल तेव्हा प्लॅस्टिकची किंवा स्टीलची टाकी घ्या.

तूर्त मोठं प्रमाण नकोच. एक गॅलनचे, म्हणजे पावणेचार लिटरचे दोन जग आणा. एकदाच वॉर्ट करा आणि दोन्हींत भरा. जवळजवळ नऊ लिटर पाण्यात आठशे-साडेआठशे ग्रॅम गव्हाचं कोरडं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, कमी कडवट जातीचे चार-पाच ग्रॅम हॉप्स, अर्धा तास उकळी. हॉप्स जास्त घालू नका, लॅक्टोबॅसिलस त्यांच्यापुढे टिकत नाही. वीस-बावीस अंशांपर्यंत गार करा. पाऊण लिटरभर वॉर्ट उरवून फ्रीजरमध्ये ठेवा, पुढे लागेल.

पहिल्या जगात फिली सावर नावाचं यीस्ट घाला. ते नेहमीच्या बिअरच्या यीस्टपेक्षा वेगळ्या वंशाचं आहे आणि एकटंच दोन्ही कामं करतं: पहिल्या काही दिवसांत लॅक्टिक आम्ल, मग अल्कोहोल. वेगळे जीवाणू लागत नाहीत, वॉर्ट दोनदा उकळावं लागत नाही. पाकीट वीस लिटरसाठी असतं, तुम्हाला चार-पाच ग्रॅम पुरे. पंधरवड्यात आंबवण उरकते, बाटलीत फेस धरायला आणखी दोन-तीन आठवडे.

दुसऱ्या जगात मिश्र विरजण. वायीस्टचं रोझलार ब्लेंड घ्या. कंपनी तुमच्याच राज्यातली, हूड रिव्हरकडची. त्यात साधं यीस्ट, ब्रेटानोमायसिस, लॅक्टोबॅसिलस, पेडिओकोकस असं सगळं कुटुंब आहे. पाकिटातला पाव भाग पुरेल. हा जग वर्ष-दीड वर्ष मागेल. पहिली उसळी ओसरली की फ्रीजरमधला वॉर्ट पुन्हा उकळून, गार करून त्यात घाला आणि जग मानेपर्यंत भरून टाका. वर मोकळी जागा राहिली की हवा, आणि हवा मिळाली की व्हिनेगर.

माझ्या मते पहिला जग नवऱ्याच्या ताब्यात द्या आणि दुसरा तुमच्या. त्याला लांब मुरणाऱ्या बिअरची ओढ आहे हे खरं. पण हात आवरून बसणं आणि आत काय चाललंय ते ओळखणं हे दुसऱ्या जगाचं काम आहे, आणि ते प्रशिक्षण तुमचं आहे. काही महिन्यांनी ती बिअर तारेसारखी, घट्ट, चिकट होऊ शकते. पेडिओकोकसमुळे होतं तसं. नवखा माणूस ती ओतून देतो. तुम्हाला ठाऊक आहे की ब्रेट ते हळूहळू मोडून काढतं. वर पांढरी, सुरकुतलेली, कधी बुडबुड्यांची साय धरेल, तीही राहू द्या. हिरवी किंवा काळी, केसाळ बुरशी दिसली तर मात्र हळहळ न करता जग रिकामा करा. वांतीसारखा वास म्हणजे ब्युटिरिक आम्ल, तिथेही मन घट्ट करा. एक बरासा पीएच मीटर घ्या आणि नोंदींची वही तुमच्या हस्ताक्षरात असू द्या. वॉर्टचा पीएच साडेपाचच्या आसपास सुरू होतो, फिली सावरचा जग सव्वातीन ते साडेतीनपर्यंत उतरतो. हा उतार रोज मोजून कागदावर काढताना तुम्हाला तुमची लॅब आठवेल. मला वाटतं तुमच्या पत्रात ती ओढ आहे, तुम्ही ती एका वाक्यात गुंडाळून टाकलीत.

आता दोघांची खरी वेळ. दुसरा जग निदान सहा महिन्यांचा झाला की एका रात्री, मुलगी झोपल्यावर, जेवणाच्या टेबलावर बसा. सहा छोटे ग्लास, एक मोजपात्र, सुई नसलेली औषधाची सिरिंज, प्यायचं पाणी, साध्या पोळीचा तुकडा. त्याच्या जगातली ताजी बिअर आणि तुमच्या जगातली मुरती बिअर शंभर मिलिलिटरच्या ग्लासात नव्वदाला दहा, सत्तराला तीस, निम्मी-निम्मी अशी मिसळा. ग्लासच्या तळाला चिकटपट्टीवर प्रमाण लिहा आणि ग्लास फिरवून ठेवा, म्हणजे कुठला कोणता ते कळणार नाही. मग दोघांनीही तोंडातून शब्द न काढता आपापल्या कागदावर लिहायचं. काय लागलं, कुठे लागलं, किती वेळ राहिलं. जिभेच्या कडांना झोंबलं की घशात? सालीसारखं तुरट आहे का? ओल्या गवताचा, चामड्याचा वास येतो का, तो हवासा आहे का? लिहून झाल्यावर कागद अदलाबदल करा. हा नियम मी आग्रहाने सांगते, कारण ज्याने जास्त वाचलंय तो आधी बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. तुमच्या घरात कोण आधी बोलेल ते तुम्ही मला पत्रातच सांगितलंय. मतं जुळली नाहीत तर दोन वेगळी मिश्रणं करा, कोणालाही पटवत बसू नका.

एक धोका इथेच सांगते, तो विसरू नका. ग्लासातलं मिश्रण लगेच पिऊन टाकायचं. बाटलीत भरायचं असेल तर ते आधी जगात पुन्हा मुरू द्या आणि महिन्याच्या अंतराने हायड्रोमीटरवर घनता दोनदा तरी सारखी आली की मगच भरा. तुमच्या जगातलं ब्रेट नवऱ्याच्या बिअरमध्ये उरलेली, साध्या यीस्टला न पचलेली साखर सावकाश खातं, बाटलीतला दाब वाढत जातो आणि बाटली फुटते. ती फुटते म्हणजे काचा उडतात. अशा बिअरला शॅम्पेनसारख्या जाड बाटल्या हव्यात. फिली सावरच्या साध्या जगाला घनता तीन दिवस स्थिर राहिली की पंचवीस ग्रॅम साखर पुरे. ती वजनकाट्यावर मोजा, चमच्याने नको.

दह्याची काळजी सोडा. तुमचं विरजण कोमट दुधात इतक्या संख्येने जातं आणि इतक्या लवकर काम उरकतं की ओट्यावरच्या एखाद्या भटक्या ब्रेटला तिथे जागा मिळत नाही. उलट दिशेने सांभाळा. पुढे कधी धान्य दळून वॉर्ट करायला लागलात तर ते स्वयंपाकघरात दळू नका, धान्याच्या पिठूळ धुळीत लॅक्टोबॅसिलस भरपूर असतो आणि तो नवऱ्याच्या साध्या बिअरमध्ये शिरेल. नळ्या, बुचं, सायफन, प्लॅस्टिकचं जे जे काही आहे ते मिश्र विरजणासाठी वेगळं ठेवा आणि त्यावर लाल चिकटपट्टी लावा. काच आणि स्टील नीट धुऊन निर्जंतुक केलं की दोन्हीकडे चालतं. प्लॅस्टिकला बारीक ओरखडे पडतात आणि ब्रेट तिथे दडी मारतं.

फळांचं फार लांबवत नाही. जुलैत तुमच्याकडे मॅरियनबेरी मिळेल. ती ऑरेगनचीच, १९५६ मध्ये बाहेर आलेली जात. आंबट बिअरमध्ये ती फार शोभते. हापूसचा डबाबंद रस घालायचा तर त्यावर प्रिझर्व्हेटिव्ह नाही ना ते बघा आणि त्यातली साखर पूर्ण आंबू द्या. मला स्वतःला तुमच्याकडून एक गोष्ट करून बघावीशी वाटते: गोझ. गोस्लारची, पुढे लायप्झिगने जपलेली जर्मन आंबट बिअर, तिच्यात मीठ आणि धणे असतात. तुमच्या डब्यात धणे आहेतच, आणि आमसूल असेल तर त्याचा गरम पाण्यात काढलेला अर्क ग्लासात थेंबाथेंबाने घालून बघा. आमसूल बहुतेक मीठ लावलेलं येतं, तेव्हा वरचं मीठ आधी कमी करा.

कायद्याने तुम्ही निर्धास्त आहात. १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरवरचा कर उठला. एका घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा आहे आणि तुमच्या राज्याचीही हरकत नाही. विकायची मात्र एक बाटलीसुद्धा नाही, मंडळाच्या कार्यक्रमात ‘फक्त खर्चापुरते’ म्हणूनही नाही. आणि सुट्टीत घरी गेल्यावर पुण्यातल्या भावाला शिकवायला बसू नका, महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर गाळणं गुन्हा आहे.

दोन जग मिळून वीस-एकवीस बाटल्या होतात. तुम्ही मुळात फारशी न पिणाऱ्या आहात, तेवढ्याच राहा. चाखायच्या दिवशी घोट घेऊन थुंकला तरी चव कळते. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर घोटही नको. नाक, पीएच मीटर आणि वही यांवर तुमचं निम्मं काम होईल, चाखणं तेवढ्या काळापुरतं त्याच्याकडे.

आणि सासूबाई. त्यांना हे तुमच्या नवऱ्याने सांगायचं, तुम्ही नाही. आई त्याची, कारबॉय त्याने आणले. विमानात बसण्याआधी, फोनवर, सरळ शब्दांत सांगू दे: ‘आई, आम्ही दोघं घरी थोडी बिअर करतो, छंद म्हणून. तुझ्यासमोर पिणार नाही, तुझ्या स्वयंपाकाच्या भांड्यांना तिचा स्पर्श होणार नाही.’ सरबत आहे, व्हिनेगर आहे असं काहीतरी ठोकून देऊ नका. सहा महिने एका घरात राहणाऱ्या माणसापासून ते लपत नाही आणि कळलं की राग बिअरचा न राहता तुमचा होतो. माळकरी बाईंना हे रुचणार नाही, कदाचित त्या चार दिवस बोलणारही नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. त्यांची नाराजी झेलायचं काम मुलाचं आहे. ‘सुनेने लावलं’ असं त्यांच्या मनात येऊ नये म्हणून त्याने ‘मी सुरू केलं’ हे वाक्य नक्की म्हणायला हवं. वेगळं पातेलं घ्या. माल्ट उकळताना घरभर गोडसर वास सुटतो, तेव्हा त्या असेपर्यंत उकळूच नका.

तसं करणं जमण्यासारखं आहे. या महिन्यात वॉर्ट केलात तर नवऱ्याचा जग त्या येण्याआधी बाटल्यांत गेलेला असेल. त्यातल्या चार बाटल्या मिश्रणाच्या रात्रीसाठी बाजूला ठेवा. तुमचा जग मे ते नोव्हेंबर काही मागतच नाही. गराज उन्हाळ्यात तापतं, म्हणून तो आतल्या खोलीच्या कपाटात, अंधारात, मुलीचा हात पोचणार नाही असा ठेवा आणि झाकण उघडून सारखं चाखत बसू नका. नोव्हेंबरमध्ये सासूबाई परत गेल्या की टेबल मांडा. तोवर एवढंच काम: एअरलॉकमधलं, म्हणजे जगाच्या तोंडावरच्या हवा अडवणाऱ्या बुचातलं, पाणी दर पंधरा दिवसांनी बघायचं आणि कमी झालं तर भरायचं. एक खेप तुमची, एक त्याची.